धोंड्याचा महिना आणि वाटीभर पोट

यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे. रविवार कारंजावरच्या दुकानांबाहेर ‘अनारशाचे पीठ मिळेल’ अशा पाट्या लागल्यात. काचेआड बत्ताशांच्या पांढऱ्या राशी दिसतात आणि तांब्याची ताम्हनं हातात घेऊन, उलटसुलट करून बघणाऱ्या सासवांची गर्दी आहे. ऊन असं, की दुपारी गोदेच्या काठावरच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. वर्षाच्या मधेच पंचांगाने एक सबंध महिना जास्तीचा वाढायचा आणि तोही जावयाचे लाड करण्यासाठी, ही कल्पना ज्याला सुचली तो स्वतः कुणाचा तरी जावई असणार, याबद्दल मला शंका नाही.

हा महिना साधारण तिसऱ्या वर्षी येतो. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, ताम्हनात तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे आणि वर तेवता दिवा ठेवून ते जावयाच्या हाती द्यायचं. आणि जेवायला धोंडे. कणकेच्या पारीत पुरण भरून वाफवलेले, मुठीएवढे गोळे. ते फोडायचे आणि आतल्या वाफेवर तूप सोडायचं. आमच्याकडे म्हणूनच या महिन्याला कुणी अधिक मास म्हणत नाही, धोंड्याचा महिना म्हणतात.

पण तो आला की मला आठवतो तो यंदाचा नाही, मागचा. तो श्रावणात आला होता आणि तेव्हा माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

त्याआधी मी कसा जेवायचो ते सांगायला हवं. मनमाडला रेल्वे कॉलनीत आम्ही वाढलो. अभ्यासात मी मधला होतो, खेळात शेवटचा. पंगतीत मात्र माझ्या जवळपास कुणी नसायचं. पुढे नाशिकला एका कॉलेजात ग्रंथपाल झालो, लग्न झालं, आणि निफाडजवळच्या एका गावात, द्राक्षबागेच्या कडेला असलेल्या घरात मी जावई म्हणून जाऊन बसलो. सासूबाईंना मी मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात मी असा काही जेवलो, की चुलत सासरे भाऊसाहेब शेजारपाजारची माणसं बघायला बोलावून घेऊन आले. माणसं दारात उभी, मी पाटावर, आणि मामी तुपाचं भांडं घेऊन माझ्या डोक्याशी. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी आणखी दोन धोंडे केवळ त्या चेहऱ्यासाठी खाल्ले.

“आमचे पाव्हणे ताटाला लाजत नाय,” असं त्या पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. त्या घरात माझी ओळख तीच. मी कुठे नोकरी करतो हे भाऊसाहेबांना आजही नीट सांगता येणार नाही, पण मी किती धोंडे खाल्ले हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. दर खेपेला आकडा थोडा वाढलेला असतो, एवढंच.

वजन गाजावाजा करत येत नाही. आधी शर्टाचं शेवटचं बटण जातं, मग बुटाच्या नाड्या जातात आणि बिननाडीचे बूट येतात. मग जिना दोन टप्प्यांचा होतो. लायब्ररीतल्या शिडीवर मी चढणं बंद केलं आणि वरच्या फळीवरची पुस्तकं मुलांना जणू नसल्यासारखीच झाली. साखर वाढली, गुडघे बोलू लागले. दुपारी टेबलावर बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि घोरण्याने वाचनकक्षातली मुलं हसायची. मीही हसायचो. जाड माणसाला आधी स्वतःवर हसायची सवय लागते. दुसऱ्यांनी हसण्यापेक्षा ते बरं पडतं.

हसू थांबलं ते कालिकेच्या यात्रेत. नवरात्रात आम्ही दरवर्षी जातो. आमची जुई तेव्हा दहा वर्षांची होती आणि आकाशपाळण्याचं तिला वेड होतं. आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो, आमची पाळी आली. पाळणेवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने, हळू आवाजात सांगितलं, की साहेब, मुलीला बसू द्या, तुम्ही नका बसू, पाळण्याचा तोल जातो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी जुईला म्हटलं, तू बस, मी खालून हात करतो. ती पाळण्यात चढलेली होती. तिथून उतरली, माझा हात धरला आणि म्हणाली, “मला पण आज चक्कर येतेय, बाबा.”

तिला कधी चक्कर येत नाही. आम्ही भेळ घेतली आणि घरी आलो. भेळ मी खाल्ली नाही, हे वैशालीच्या, माझ्या बायकोच्या, लगेच लक्षात आलं.

उपाय सगळे करून झाले होते. सकाळी गरम पाण्यात मध झाला, कारल्याचा रस झाला, गोल्फ क्लबच्या मैदानावर चकरा झाल्या. एकदा तर चांगलं वीस किलो वजन उतरवलं आणि दीड वर्षात व्याजासकट परत घेतलं. म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा पहिल्यांदा लाजच वाटली, की जे जिभेला आवरून जमायला हवं त्यासाठी पोट कापून घ्यायचं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, की हा आळसाचा प्रश्न असता तर तुम्ही वीस किलो उतरवलेच नसते. तुमचं शरीर जुनं वजन धरून ठेवायला भांडतंय, त्या भांडणात तुम्हाला मदत लागणार आहे. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराचा वरचा भाग वेगळा करून अंड्याएवढी पिशवी ठेवायची आणि तीच पुढे आतड्याला जोडायची. धोके सांगितले. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, की ऑपरेशन आम्ही करू, पण नंतरचं रोजचं काम तुमचं.

मोठ्या भावाने मनमाडहून फोन करून सांगितलं, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत, पहाटे पळत जा. लायब्ररीतल्या शिपायाने त्याच्या ओळखीत कुणाचं तरी काय बिघडलं ते सविस्तर ऐकवलं. मी दोन महिने नुसता डगमगत होतो. एका संध्याकाळी वैशाली मेथी निवडत बसली होती. मी पुन्हा तेच सुरू केलं, की बारीक होण्यासाठी एवढं करायचं का, लोक काय म्हणतील, वगैरे. तिने जुडी बाजूला ठेवली.

“तुम्ही बारीक झालेले मला नकोयत,” ती म्हणाली. “म्हातारे झालेले हवेत.”

दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला.

सासरी सांगायला आम्ही मुद्दाम गाडी काढून गेलो. बागेत द्राक्षांचे मणी भरत आले होते. मामी ओट्यावर लसूण सोलत होत्या. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की पोट कापून कुणी बारीक होतं का. मामांनी बागायतदाराच्या भाषेत समजावून पाहिलं, की आपण नाही का एप्रिलात अख्खी बाग छाटून टाकत, त्याशिवाय पुढचं पीक येतं का. मामींनी हातातली पाकळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “पाव्हणे काय वेल हायेत का?” जाताना नेहमीसारखा डबा मिळाला, पण त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत.

ऑपरेशन फाल्गुनात झालं. नाशिकमध्ये तेव्हा जिथे जावं तिथे द्राक्षंच असतात. हातगाडीवर, टेम्पोत, सिग्नलला, शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये. मामा दवाखान्यात पेटी घेऊनच आले. मला पाणीसुद्धा चमच्याने चाललं होतं, तेव्हा पेटी नर्सबाईंकडे गेली आणि पूर्ण मजल्यावर माझी कीर्ती झाली. मामी आल्या नाहीत. बागेत तोडणी सुरू होती हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग सुरू झालं ते नवं जगणं. आधी नुसतं पातळ, मग दाट, मग मऊ. एक छोटी वाटी आणि जुईचा लहानपणीचा चमचा. प्रत्येक घास इतका चावायचा की त्याची चव जाऊन अर्थ उरावा. जेवताना पाणी नाही. पाणी दिवसभर घोट घोट, चिमणीसारखं. एकदा घाईत पोळीचा तुकडा गिळला आणि छातीत असा अडकला, की तासभर बेसिनपाशी उभा होतो. भूक म्हणावी तशी लागेनाच. पण डोळे जेवायचे थांबले नव्हते. रविवारी सकाळी मित्र मिसळ खायला जमायचे तिथे मी जात राहिलो आणि त्यांच्या तर्रीच्या वाफेवर माझं ताक पीत राहिलो. सगळ्यात विचित्र वाटायचं ते उरलेल्या वेळाचं. आज संध्याकाळी काय खायचं, कुठे खायचं, कुणाबरोबर, याचा विचार करण्यात माझा केवढा दिवस जात होता ते तो रिकामा झाला तेव्हा कळलं. काही दिवस मी खरंच उदास होतो. एखादा जुना, बडबड्या दोस्त गाव सोडून गेल्यावर होतं तसं.

आणि हळूहळू गमतीही सुरू झाल्या. घोरणं थांबलं, तर त्या शांततेने वैशालीला झोप येईना. पँटी कंबरेवरून निघून जाऊ लागल्या. पूर्वी जे लोक ‘जरा कमी करा’ म्हणायचे, तेच आता काळजीने ‘काही आजार तर नाही ना’ असं विचारू लागले. एका दुपारी लायब्ररीत कुणी नव्हतं तेव्हा मी शिडी ओढली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसलो. तिथली धूळ मी स्वतःच्या रुमालाने पुसली. वरून माझं टेबल फारच लहान दिसलं.

अशात तो श्रावणातला धोंड्याचा महिना आला. मामींचा फोन आला, रविवारी या. वैशालीने सांगून पाहिलं, की आई, या खेपेला नुसतं ओवाळ, धोंडे नको, त्यांना गोड चालत नाही. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आम्ही गेलो.

बाहेर श्रावणाची भुरभुर होती, वेलांवर नवी हिरवी पानं तुकतुकत होती आणि घरात वेलदोड्याचा आणि तुपाचा वास भरून राहिला होता. भाऊसाहेब आधीच येऊन बसले होते. मला पाहून ते उठले, माझ्या मागे कुणी आणखी येतंय का ते पाहू लागले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मीच तो. पाट मांडले, रांगोळी काढली, ओवाळणं झालं. मामींनी माझ्याकडे नीट पाहिलंच नाही. त्यांनी ताट आणून ठेवलं. तेच जुनं, परातीएवढं, आणि त्यात धोंड्यांची उतरंड.

मी ठरवून आलो होतो, की एक घास घ्यायचा, मान ठेवायचा, आणि ताट जुईकडे सरकवायचं. पहिला घास घेतला. पुरण तसंच होतं, जायफळ किंचित पुढे, तसंच. भाऊसाहेब दारातून म्हणाले, की हा तर हत्तीच्या तोंडात शेंगदाणा झाला. सगळे हसले. मामी हसल्या नाहीत, तुपाचं भांडं घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या त्या उभं राहण्याकडे बघत मी आख्खा धोंडा संपवला.

पंधरा-वीस मिनिटांत मला घाम फुटला. छाती धडधडू लागली, पोटात मुरडा आला, हातपाय गार पडले. गोड एकदम पोटात गेलं की आता असं होणार, हे डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून वैशाली घाबरली नाही. तिने मला आतल्या खोलीत आडवं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, की तासाभरात उतरेल. तसं ते उतरलंही.

डोळे उघडले तेव्हा मामी पायाशी बसलेल्या होत्या. डोळे पदराने पुसून पुसून लाल झाले होते. मी म्हटलं, मामी, चूक माझी, मला माहीत होतं. त्यांनी मान हलवली.

“तुमी नाय खाल्लं तर मला राग यीना,” त्या म्हणाल्या. “पण मग आता मी तुमाला देऊ काय? मला दुसरं काय येतं?”

खरं तर त्या पाच महिन्यांत मीही स्वतःला हेच विचारत होतो, की ताटाशिवाय मी या घरात, किंवा कुठेही, आहे तरी कोण. आणि ही बाई, जिने मला इतकी वर्षं पोटभर वाढलं, तीही त्याच जागी येऊन बसली होती. मला एकदम एक गोष्ट जाणवली, की मामी जेवताना कशा दिसतात हे मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना जेवताना पाहिलंच नव्हतं. आम्ही जेवायचो तेव्हा त्या उभ्या असायच्या, आणि त्या बसायच्या तेव्हा आम्ही ओसरीवर सुपारी कातरत असायचो.

मी म्हटलं, “मामी, मला आता एक वाटी संपवायला अर्धा तास लागतो. एकट्याला कंटाळा येतो. तुम्ही सोबत बसाल का?”

त्यांना ते नीट समजलं नसावं. त्यांनी विचारलं, की मग वाढायचं कुणी. दारात उभी असलेली वैशाली म्हणाली, मी वाढते.

संध्याकाळी मामींनी विचारून विचारून माझ्यासाठी मऊ पिठलं केलं. मी माझी वाटी आणि तो लहानसा चमचा घेऊन बसलो. समोर मामी, संकोचून, भिंतीला पाठ लावून, कुणी बोलावलं तर पटकन उठता यावं अशा. दोनदा त्या उठल्याही, दोनदा वैशालीने खांदे दाबून बसवलं. सकाळचं पुरण आणि कणीक उरली होती. वैशालीने त्याचे धोंडे वळले, चाळणीवर वाफवले आणि पहिला, हाताला चटके देणारा, मामींच्या ताटात आणून फोडला. वर तूप सोडलं. मामींनी घास घेतला आणि त्या थांबल्याच. चेहऱ्यावर असं काही आलं की मामांनी काळजीने विचारलं, काय झालं.

“गरम लय चांगला लागतो की हा,” त्या म्हणाल्या.

आयुष्यभर शेकड्यांनी धोंडे करणाऱ्या बाईने गरम धोंडा पहिल्यांदा खाल्ला होता. मग मामाच हसले, मग त्या हसल्या, आणि मी माझं पिठलं चावत चावत, म्हणजे पिठल्यात चावण्यासारखं जेवढं असतं तेवढं चावत, त्यांच्याशी बोलत राहिलो. अर्ध्या तासाचा तास झाला. त्या दिवशी मला कळलं, की मामींना लहानपणी नदीत पोहता येत होतं, की मामांना बघायला त्या स्वतःच खिडकीतून डोकावल्या होत्या, की त्यांना तिखट आवडतं आणि गोड फारसं आवडतच नाही. फक्त गरम धोंडा सोडून, असं त्यांनी लगेच जोडलं.

ताम्हनातले अनारसे मी कॉलेजात नेले आणि वाचनकक्षातल्या मुलांना वाटले. त्यांनी ते कोणत्या परीक्षेच्या आनंदात म्हणून विचारलं.

आता तीन वर्षं झाली. सगळं गोडच आहे असं नाही. गोळ्यांचा डबा माझ्याबरोबर फिरतो, वर्षाला तपासण्या असतात, केस पूर्वीसारखे राहिले नाहीत, आणि उतरलेल्या वजनातले चार-पाच किलो हळूच मागच्या दाराने परतही आलेत. लग्नाच्या पंगतीत मला अजून उपरं वाटतं. पण वाटी थोडी मोठी झाली आहे, साखरेची गोळी सुटली आहे, आणि खाणं सुटल्यावर मला रांधण्याचा नाद लागला आहे. रविवारी स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. मला फक्त चव घ्यायची असते, तीही चमच्याच्या टोकाने, त्यामुळे माझा अंदाज हमखास चुकतो.

परवा आम्ही निफाडला जाऊन आलो. ओवाळून झाल्यावर मी मामींना म्हटलं, की आज धोंडे मी करणार. त्यांनी मामांकडे पाहिलं, मामांनी आकाशाकडे. उकाडा भयंकर होता. मी पुरण वाटलं, पारी केली, धोंडे वळले. त्यातले दोन चाळणीवर फुटले आणि पुरण खाली पाण्यात गेलं. भाऊसाहेब ते बघायला खुर्ची घेऊनच आत आले. जुई, जी आता माझ्या खांद्याएवढी झाली आहे, सगळ्याचा व्हिडिओ काढत होती. मामींना मी पाटावर बसवलं, ताट ठेवलं आणि तुपाचं भांडं घेऊन त्यांच्या डोक्याशी उभा राहिलो.

त्यांनी धोंडा फोडला. बराच वेळ, परीक्षकाच्या गांभीर्याने, चावत राहिल्या. मग सांगितलं, की पारी जाड झालीये, वेलदोडा जास्त पडलाय, आणि पुरण अजून जरा आटवायला पाहिजे होतं. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली.

बोलणं संपल्यावर त्यांनी ताट माझ्याकडे थोडं पुढे सरकवलं.

“वाढा आजून एक,” त्या म्हणाल्या. “गरम हाय तवर.”